स्प्रिंट ट्रायथलॉन: दमलेल्या पायांतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

ट्रायथलॉन म्हटलं की आपल्याकडे लगेच आयर्नमॅन आठवतो. 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल मारायची आणि वर 42.2 किलोमीटर धावायचं. मिलिंद सोमणने 2015 मध्ये झुरिकला ही शर्यत पूर्ण केली तेव्हा पेपरात फोटो आले होते. 2019 पासून गोव्यात मिरामारला तिच्या निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्रातले कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक तिकडे वळले. पण या घराण्यात एक धाकटी बहीणही आहे, स्प्रिंट ट्रायथलॉन. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. नाव स्प्रिंट असलं तरी यात कुणी उसेन बोल्टसारखं पळत नाही. आपल्यासारख्या हौशी माणसाला सव्वा तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो.

मी अशी एक शर्यत केली आहे. तिची गोष्ट सांगायला हा लेख लिहीत नाहीये. पेट पास झाल्यावर जो तो एकच विचारतो, "ताई, विषय कुठून आणायचा?" मग सिनॉप्सिसमध्ये ठरलेलं शीर्षक येतं: अमुक जिल्ह्यातील खेळाडू व बिगर-खेळाडू यांच्या तमुक गोष्टीचा तुलनात्मक अभ्यास. ही शीर्षकं वाचून मला कंटाळा येतो, आणि आरआरसीत बसलेल्यांना तर त्याहून जास्त येत असणार. विषय बऱ्याचदा स्वतःच्या अंगातच असतो. फक्त अंगाला जे वाटलं ते मोजता येईल अशा भाषेत मांडावं लागतं. ते कसं करायचं, हे या छोट्या शर्यतीच्या आधाराने दाखवते.

आधी अनुभव थोडक्यात. पोहायला मी पंचविशीनंतर शिकले, महिलांच्या बॅचमध्ये, 25 मीटरच्या तलावात. तिथे 750 मीटर म्हणजे 30 फेऱ्या. तळाला काळी रेघ असते, दर 25 मीटरला भिंत येते, भिंतीला हात लागला की नकळत एक श्वास जास्त मिळतो. मोकळ्या पाण्यात यातलं काहीच नसतं. दिशा चुकू नये म्हणून मधूनमधून डोकं वर काढून बोया शोधावा लागतो, आजूबाजूला लाथा-कोपर चालू असतात. बाहेर आल्यावर ओल्या अंगाने सायकलकडे पळायचं, आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि मगच सायकल स्टँडवरून काढायची, हा नियमच आहे. या अदलाबदलीत घड्याळ थांबत नाही. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पहिली काही मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत, दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणून लावल्यासारखे. दौलताबादचा घाट चढून-उतरून आल्यावर लगेच धावून बघा, शर्यतीत नाव न घालताही हे कळेल.

एवढ्या अनुभवात माझ्या मते तीन चांगले प्रश्न दडलेले आहेत. पोहताना किती जोर लावावा? सायकलच्या पेडलचा वेग पुढच्या धावण्यावर परिणाम करतो का? आणि शर्यत छोटी आहे म्हणून जिवाचा धोका कमी असतो का?

पहिला प्रश्न घेऊ. "पोहताना जोर लावावा की राखावा" हे झालं कट्ट्यावरचं वाक्य. संशोधनाचं वाक्य असं होईल: पोहण्याचा वेग कमाल वेगाच्या ठरावीक टक्क्यांवर ठेवला, तर सायकलचा वेळ आणि शर्यतीचा एकूण वेळ बदलतो का? फरक बघा. दुसऱ्या वाक्यात आपण बदलणार ती गोष्ट (पोहण्याचा वेग), मोजणार ती गोष्ट (वेळ) आणि ज्याच्याशी तुलना करायची ते माप (त्याच व्यक्तीचा कमाल वेग), तिन्ही आले. पहिल्या वाक्यात यातलं एकही नाही.

नेमका हाच प्रश्न पीलिंग, बिशप आणि लँडर्स या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घेतला. 2005 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये त्यांचा पेपर आला. उत्तम सराव असलेले नऊ पुरुष ट्रायथलीट घेतले. आधी प्रत्येकाची पोहण्याची स्वतंत्र वेळ-चाचणी घेतली. मग प्रत्येकाने स्प्रिंट अंतराची ट्रायथलॉन तीनदा केली: एकदा पोहण्याचा वेग त्या चाचणीच्या 80 ते 85 टक्के, एकदा 90 ते 95 टक्के आणि एकदा 98 ते 102 टक्के. सायकल आणि धावणं मात्र तिन्ही वेळा जमेल तेवढ्या जोरात. निष्कर्ष असा की सर्वांत हळू पोहल्यावर सायकलचा वेळ सर्वांत जोरात पोहल्यापेक्षा कमी लागला आणि एकूण शर्यतही लवकर संपली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. पण पाण्याचा हिशेब मांडला की पटतं. पाण्याचा अवरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 0.8 चा घन 0.512 येतो. म्हणजे वेग 20 टक्क्यांनी कमी केला की लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. 90 टक्के वेगालाही ती 73 टक्क्यांच्या आसपासच लागते. थोडी मिनिटं देऊन बरीच ताकद वाचते, आणि पुढच्या दोन टप्प्यांत ती वापरता येते.

आता एक सापळा, ज्यात परीक्षेत हमखास मुलं अडकतात. वेग 20 टक्के कमी झाला म्हणजे वेळ 20 टक्के वाढतो का? नाही, 25 टक्के वाढतो. समजा एखादीला 750 मीटर पूर्ण जोराने पोहायला 18 मिनिटं लागतात. 90 टक्के वेगाने तिला 20 मिनिटं लागतील, 80 टक्के वेगाने 22 मिनिटं 30 सेकंद. म्हणजे साडेचार मिनिटं गेली. तेच 10 मिनिटांत पोहणाऱ्या पट्टीच्या खेळाडूचं नुकसान फक्त अडीच मिनिटांचं. टक्के तेच, मिनिटं मात्र जवळपास दुप्पट. सायकलला 50 मिनिटं घेणाऱ्या बाईला ती साडेचार मिनिटं सायकलवर भरून काढायची, तर वेळेत 9 टक्के सुधारणा हवी. पोहताना हात राखल्याने एवढी सुधारणा होईल का? त्या पेपरात याचं उत्तर नाही, कारण त्यांनी आपल्यासारखी माणसं घेतलीच नव्हती.

याला बाह्य वैधता म्हणतात. अभ्यास ज्यांच्यावर झाला त्यांच्या पलीकडे त्याचा निष्कर्ष कितपत लागू होतो, एवढाच त्याचा अर्थ. नेटच्या पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत संपते. मला ती खरी कळली ती हा पेपर वाचताना. नऊ जण, सगळे पुरुष, सगळे सरावलेले, सगळे लहानपणापासून पाण्यात असावेत असे. आणि इकडे मी: बाई, मराठवाड्यातली, उशिरा पोहायला शिकलेली. पेपर चुकीचा नाही. तो माझ्याबद्दल नाही, इतकंच.

"फक्त नऊच?" असं विचारून पेपर बाजूला टाकू नका. इथे प्रत्येक जण तिन्ही प्रकार करतो, म्हणून तुलना स्वतःचीच स्वतःशी होते. दोन वेगवेगळ्या गटांत उंची, वय, सराव, जेवण यांतले फरक गोंधळ घालतात, तो गोंधळ इथे बराच कमी होतो. म्हणून अशा रचनेत कमी माणसांवरही काही बोलता येतं. पण तिचा एक त्रास आहे, क्रमाचा. सगळ्यांनी आधी हळू, मग मध्यम, शेवटी जोरात असं केलं तर शेवटच्या फेरीत सवयीचा फायदा किंवा थकव्याचा तोटा मिसळणार. म्हणून क्रम बदलून द्यावा लागतो. तीन प्रकारांचे सहा क्रम होतात. नऊ माणसं सहात समान वाटता येत नाहीत, पण लॅटिन चौरस वापरला तर तीनच क्रम लागतात आणि प्रत्येक क्रमाला तीन माणसं नेमकी बसतात. नमुन्याचा आकार ठरवताना हा साधा भागाकार आधी करा, नंतर सुपरवायझरसमोर तो करत बसायची वेळ येत नाही.

अजून एक मर्यादा राहतेच. आपण हळू पोहलो की जोरात, हे पोहणाऱ्याला माहीत असतं. औषधाच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, इथे खोटं पोहणं देता येत नाही. "आज ताकद राखली आहे, आता सायकलवर उडवून टाकू" हा विचारच त्याला जोर देऊ शकतो. यावर पक्का इलाज नाही. तो लपवायचा नाही, मर्यादांच्या परिच्छेदात सरळ लिहायचा.

दुसरा प्रश्न उसन्या पायांचा, आणि मला सर्वांत जास्त आवडणारा. सायकलवाले पेडलच्या वेगाला केडन्स म्हणतात, मिनिटाला किती फेरे ते. जड गिअरवर हळूहळू रेटायचं की हलक्या गिअरवर भराभर फिरवायचं, यावर दोन सायकलवाले भेटले की वाद ठरलेला. गॉटशॉल आणि पामर यांचा 2002 चा अभ्यास 13 पुरुष ट्रायथलीटांवर होता. 30 मिनिटं जोरात सायकल, एकदा आपल्या सवयीच्या केडन्सने, एकदा त्याहून 20 टक्के जास्त, एकदा 20 टक्के कमी. सवय 90 फेऱ्यांची असेल तर 108 आणि 72. त्यानंतर लगेच 3200 मीटर धावणं. जास्त केडन्सनंतर धावण्याचा वेळ कमी केडन्सच्या मानाने सरासरी जवळपास एक मिनिटाने कमी आला. पावलाची लांबी तेवढीच राहिली होती, पावलं मात्र जास्त भराभर पडत होती. सायकलवरची लय पायांनी पुढेही चालू ठेवली, असा त्याचा अर्थ लावता येतो.

इथपर्यंत वाचून बहुतेक जण "म्हणून केडन्स वाढवावा" असं लिहून मोकळे होतात. थांबा. 2005 मध्ये व्हर्क्रुइसेन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, तोही ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्येच. तिथेही पुरुष ट्रायथलीट, तिथेही सवयीपेक्षा 20 टक्के कमी-जास्त केडन्स, फक्त बदल सायकलच्या शेवटच्या टप्प्यात केला होता. नंतर ठरावीक वेगाने, थकून थांबेपर्यंत धावायचं. आणि इथे सर्वांत जास्त वेळ टिकले ते कमी केडन्सवाले!

मग खरं कोण? सिनॉप्सिसच्या 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात बहुतेक जण दोन्ही पेपर एकाखाली एक लिहितात: यांना असे आढळले, त्यांना तसे आढळले. आढावा असा लिहायचा नसतो. दोघांनी मोजलं काय, ते शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकाने ठरलेलं अंतर किती लवकर पार होतं ते मोजलं, त्यात वेग धावणाऱ्याच्या हातात होता. दुसऱ्याने ठरलेल्या वेगाने किती वेळ तग धरता येतो ते मोजलं, तिथे पावलं भराभर टाकून वेग वाढवायची सोयच नव्हती. शरीराची ऊर्जा वाचवणं आणि पायाला लय मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर पहिली दुसऱ्या चाचणीत दिसेल आणि दुसरी पहिल्या चाचणीत. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही. पण अनुमान तपासता येतं, म्हणजे इथे एका प्रबंधाची जागा आहे. दोन पेपर भांडताना दिसले की खूश व्हा, संशोधनातली पोकळी बहुतेक तिथेच असते.

हे आपल्याकडे करायचं झालं तर काय लागेल? घरगुती सायकलला बसवायचा ट्रेनर, केडन्स मोजणारा सेन्सर, धावपट्टी आणि फोनचा कॅमेरा. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात धावण्याचा भाग होऊ शकतो. रस्त्यावर करू नका. खुलताबादच्या रस्त्यावर वारा, ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या यांनी कुठलाही केडन्स टिकत नाही. आणि हवामान नोंदवा. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सहाची चाचणी आणि नऊची चाचणी एकच म्हणता येणार नाही. नुसतं तापमान पुरत नाही, उष्णतेच्या ताणासाठी डब्ल्यूबीजीटी हा निर्देशांक वापरतात. उघड्यावर त्यात ओल्या बल्बच्या तापमानाला 0.7, काळ्या गोळ्याच्या तापमानाला 0.2 आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त 0.1 वजन असतं. घाम वाळतो की नाही याला जास्त महत्त्व, म्हणून ओल्या बल्बचा वाटा सर्वांत मोठा.

सहभागी कोण? वर सांगितलेल्या दोन्ही प्रश्नांवरचे तिन्ही अभ्यास फक्त पुरुषांवरचे आहेत. मासिक पाळीमुळे मोजमापं बदलतात, म्हणून स्त्रिया नकोत, हे कारण क्रीडाविज्ञानात वर्षानुवर्षं दिलं गेलं. बदलतात म्हणूनच मोजायला हवीत, असं मला वाटतं. 2025 च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ट्रायथलॉनचं सुवर्ण महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने आणि रौप्य मानसी मोहितेने मिळवलं. त्यांच्या प्रशिक्षकांनी केडन्सचा सल्ला द्यायचा तर तो पुरुषांवरच्या आकड्यांवरून द्यावा लागणार. ही पोकळी शोधायला परदेशात जायची गरज नाही.

तिसरा प्रश्न गंभीर आहे. 2017 मध्ये हॅरिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 1985 ते 2016 मधल्या ट्रायथलॉनचा अभ्यास अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये छापला. मृत्यू आणि हृदय बंद पडून वाचलेले मिळून 135 जण. त्यात 15 अपघाती दुखापतीचे मृत्यू. उरलेल्या 120 पैकी 90 घटना पोहताना घडल्या, 7 सायकलवर, 15 धावताना, 8 शर्यत संपल्यावर.

आता सांगा, किती टक्के घटना पोहताना घडल्या? 135 चा छेद घेतला तर सुमारे 67 टक्के, 120 चा घेतला तर 75. दोन्ही बरोबर. पण छेद कोणता ते न सांगता टक्केवारी लिहिली तर दोन्ही निरुपयोगी. आणि यातला कुठलाही आकडा "मला किती धोका आहे" हे सांगत नाही, कारण त्यासाठी छेदात भाग घेतलेले सगळे हवेत. ते त्यांच्याकडे 2006 ते 2016 साठी होते, 47 लाखांहून जास्त सहभाग. त्यावरून दर निघाला लाखामागे 1.74. पुरुषांत 2.40, स्त्रियांत 0.74. साठीच्या पुढच्या पुरुषांत मात्र 18.6. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर: छोट्या शर्यतीत 1.61, मधल्यात 1.41, लांबमध्ये 1.92, म्हणजे फारसा फरक नाही. "छोटीच तर आहे, करून टाकू" म्हणत तपासणी न करता पाण्यात उतरणाऱ्या काकांना हा आकडा जरूर दाखवा. शवविच्छेदन झालेल्या 61 जणांपैकी 27 जणांच्या हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत दखल घेण्याजोगा दोष सापडला होता.

इथे एक गंमत आहे. 25 सप्टेंबर 1974 ला सॅन डिएगोच्या मिशन बेवर आधुनिक ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली, तेव्हा क्रम होता धावणं, सायकल, पोहणं. आज पोहणं पहिलं असतं. त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे दमलेल्या माणसाला शेवटी पाण्यात सोडणं धोक्याचं. मग पोहणं पहिलं असूनही सर्वाधिक घटना तिथेच घडतात, यावरून हा क्रम चुकीचा ठरतो का? अजिबात नाही. पोहणं शेवटी ठेवलेल्या लाखो लोकांची नोंद आपल्याकडे नाही, म्हणजे तुलनेला गटच नाही. कदाचित तेव्हा दर आणखी वाढला असता. तोंडी परीक्षेत असा प्रश्न आला तर "तुलनागट नाही, म्हणून निष्कर्ष काढता येणार नाही" एवढं शांतपणे सांगता यायला हवं.

या तिसऱ्या प्रश्नावर प्रयोग करता येत नाही, हे उघड आहे. माणसांना धोक्यात घालून धोका मोजायचा नसतो. इथे नोंदीच उपयोगी पडतात, आणि आपल्याकडे अडचण तीच आहे. किती जण उतरले, किती जणांना पाण्यातून काढावं लागलं, किती जणांनी मध्येच सोडलं, हे प्रत्येक आयोजकाने एका साध्या तक्त्यात भरलं तरी पाच-सात वर्षांत कुणाच्या तरी प्रबंधाचा छेद तयार होईल. मी असा एक कोरा तक्ता करून ठेवला आहे, नऊ रकान्यांचा. वय, लिंग, आधीच्या शर्यती, पाण्याचं तापमान, पोहण्याचं अंतर, सोडलं असल्यास कुठे, कारण, मदत लागली का, आणि शर्यतीआधी डॉक्टरांची तपासणी झाली होती का. नाव आणि फोन नंबरचा रकाना मुद्दामच नाही. नैतिकता समितीचा अर्ज भरताना ते का, हे तुम्हाला पहिल्याच पानावर कळेल.